लाकडात घडलेले बुद्धिबळ : हस्तनिर्मित संचांचा संग्रह आणि त्याची पारख

बुद्धिबळाचा संच म्हणजे ३२ सोंगट्या आणि ६४ घरांचा पट एवढीच त्याची व्याख्या केली, तर प्लॅस्टिकचा स्वस्त संच आणि कारागिराने महिनाभर खपून घडवलेला लाकडी संच यांत काहीच फरक उरत नाही. कारण खेळाचे नियम दोन्हींवर सारखेच चालतात. फरक दिसू लागतो तो सोंगट्यांकडे घडवलेली वस्तू म्हणून पाहिल्यावर. राजाच्या डोक्यावर मुकुट आहे की पगडी, कोपऱ्यातल्या घरात हत्ती उभा आहे की बुरूज, घोड्याच्या जागी घोडाच आहे की दुसरे एखादे जनावर, लाकूड कोणत्या झाडाचे आणि ते कोणत्या हत्यारांनी कोरले, या प्रश्नांची उत्तरे शोधत गेले की प्रत्येक हस्तनिर्मित संचातून त्या प्रदेशाचा निसर्ग, सैन्य, सत्ता आणि कारागिरी यांची माहिती हाती येते. अशा संचांचा डोळस संग्रह म्हणजे जगाच्या इतिहासाचा आणि वनसंपत्तीचा अभ्यासच होय. दक्षिण अमेरिकेतील पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांतील कारागिरांचे संच जगभरच्या संग्राहकांना आकर्षित करतात. मात्र जिंतूरसारख्या मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वाचकाला या संग्रहाची सुरुवात दूर देशातून करण्याची गरज नाही, कारण या खेळाची आणि लाकूडकामाची मुळे त्याच्या स्वतःच्या भूमीत खोलवर गेलेली आहेत.

दख्खनच्या भूमीतील पट

बुद्धिबळाचा उगम भारतात झाला आणि हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशा चार अंगांच्या सैन्यावरून त्याला चतुरंग म्हटले गेले, हे सर्वश्रुत आहे. परंतु या खेळाची महत्त्वाची वर्णने दख्खनशी निगडित आहेत, ही गोष्ट तुलनेने कमी जणांना ठाऊक असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ज्ञानकोशात राजाच्या करमणुकीची साधने वर्णिताना बुद्धिबळाचाही विस्ताराने विचार केला आहे. या राजघराण्याची राजधानी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आणि त्याच्या सत्तेखाली आजचा मराठवाडाही होता. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट या पंडिताने ‘भगवंतभास्कर’ या आपल्या बारा भागांच्या धर्मशास्त्रीय ग्रंथातील ‘नीतिमयूख’ या भागात बुद्धिबळाची माहिती दिली. नीलकंठ भट्ट काशीत राहून लिहीत असला तरी त्याचे घराणे गोदाकाठच्या पैठणहून तेथे गेलेले होते. १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळातील डावांचा आणि कूटांचा ग्रंथ मूळ संस्कृतावरून इंग्रजीत उतरून मुंबईत छापला गेला.

जुन्या भारतीय पद्धतीच्या पटाची घरे काळी-पांढरी नसत. रेघांनी आखलेला कापडी पट गुंडाळून ठेवता येई आणि त्यातील काही घरांवर फुल्या भरलेल्या असत. त्यामुळे सोंगट्याही काळ्या-पांढऱ्याच असल्या पाहिजेत असा दंडक नव्हता. लाल आणि हिरव्या, किंवा लाल आणि लाकडाच्या मूळ रंगाच्या सोंगट्या सर्रास वापरल्या जात. या जुन्या संचांचे साधारण दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात सोंगट्या प्रत्यक्ष आकृतींच्या असतात, म्हणजे हत्तीवर अंबारी, उंटावर स्वार आणि प्याद्याच्या हातात शस्त्र असते. दुसऱ्या प्रकारात त्या केवळ गोल, वळणदार आकारांच्या असून त्यांची ओळख उंचीवरून आणि शेंड्याच्या घडणीवरून पटते. हा दुसरा प्रकार कातून काढण्यास सोपा आणि रोजच्या खेळात टिकाऊ असल्याने सामान्य घरांमध्ये तोच अधिक रुजला.

आज स्पर्धांमध्ये जो आकार सर्वत्र दिसतो त्याला स्टाँटन नमुना म्हणतात. १ मार्च १८४९ रोजी इंग्लंडमध्ये नॅथॅनिएल कुक यांच्या नावाने या नमुन्याची नोंद झाली आणि जॅक्स या लंडनच्या कारखान्याने तो बाजारात आणला. हॉवर्ड स्टाँटन या त्या काळच्या नामवंत खेळाडूचे नाव त्याला दिले गेले. या नमुन्यात हत्तीच्या जागी बुरूज, उंटाच्या जागी ख्रिस्ती धर्मगुरूची उभी चिरलेली टोपी आणि वजिराच्या जागी राणीचा मुकुट आला. सांगलीच्या बुद्धिबळ मंडळापासून १९५५ मध्ये पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदाचे सहमानकरी ठरलेल्या रामचंद्र सप्रे यांच्यापर्यंत आणि २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखपर्यंत मराठी खेळाडूंनी आधुनिक स्पर्धांत जी कामगिरी केली ती याच नमुन्याच्या सोंगट्यांवर. गंमत अशी की बुरुजाला हत्ती आणि चिरलेल्या टोपीला उंट म्हणणारा मराठी खेळाडू जुन्या सैन्याची नावे तोंडी जपत आला आहे, आणि त्या नावांना शोभणाऱ्या सोंगट्या मात्र घरातून नाहीशा झाल्या आहेत.

मराठी मुलखातील लाकूडकाम

महाराष्ट्रात लाकडी खेळण्यांचे सर्वांत नावाजलेले केंद्र म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी. येथील चितार आळीत चितारी कारागिरांच्या पिढ्यांनी रंगीत फळे, भाज्या, पाट, खेळणी आणि गंजिफा घडवल्या. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. त्यांतील दशावतारी प्रकारात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असून प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा, म्हणजे एकूण १२० पत्ते असतात. ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम देऊन तिचे पुनरुज्जीवन केले, आणि २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट स्थळाशी जोडलेल्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, प्राप्त झाले. खेळाच्या साधनाला संग्राह्य कलावस्तूचा मान मिळाला की कारागिराच्या पुढच्या पिढीला काम मिळते, याचे हे मराठी मुलखातील सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

मराठवाड्याला आणखी जवळचे केंद्र म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे निर्मल. आज ते तेलंगणात असले तरी जिंतूर आणि निर्मल ही दोन्ही गावे पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होती. तेथील कारागीर पोणिकी नावाच्या अतिशय हलक्या आणि मऊ लाकडातून प्राणी, पक्षी व माणसे कोरतात, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने सांधे बुजवतात आणि मग रंग देतात. असे लाकूड आकृतिप्रधान, केवळ मांडून ठेवायच्या संचाला उत्तम. रोज पटावर आपटल्या जाणाऱ्या सोंगटीला ते पुरत नाही.

खुद्द जिंतूर परिसरात खेळण्यांचे प्रसिद्ध केंद्र नाही. घडणीची दृष्टी मात्र येथे जुनी आहे: तालुक्यातील चारठाणा येथील मध्ययुगीन मंदिरांचे अवशेष आणि जिंतूर गावालगतच्या नेमगिरीवरील जैन लेणी तिची साक्ष देतात. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावचा सुतार बाभळीची औते आणि सागाची दारे घडवी, तर कातारी, म्हणजे लाकूड फिरवून कातणारा कारागीर, पाळण्याचे दांडे, लाटणी, रवी आणि भोवरे बनवी. बुद्धिबळाच्या बहुतेक सोंगट्या म्हणजे मुळात कातकामच असल्याने त्या घडवायला लागणारे जवळजवळ सर्व कौशल्य या परंपरेत आधीच आहे.

सोंगटी कशी घडते

सोंगटीची घडण समजली की तिची किंमतही समजते. आधी लाकूड मुरवावे लागते, म्हणजे त्यातील ओल सावलीत सावकाश कमी होऊ द्यावी लागते. ही पायरी गाळली तर सोंगटी काही महिन्यांतच तडकते. त्यानंतर चौकोनी ठोकळा कातयंत्रावर, म्हणजे कारखान्यात ज्याला लेथ म्हणतात त्यावर, फिरवून पटाशीसारख्या हत्यारांनी गोल आकार काढतात. ३२ पैकी २८ सोंगट्या अशा प्रकारे कातून, नंतर करवतीचे किंवा कोरणीचे थोडे काम करून पुऱ्या होतात. उरलेले चार घोडे मात्र यंत्रावर होत नाहीत. त्यांची मान, आयाळ, नाकपुड्या आणि कान हातानेच कोरावे लागतात. म्हणूनच संग्राहक कोणताही संच हाती घेतल्यावर प्रथम घोडा पाहतात. चारही घोड्यांचे चेहरे एकमेकांशी जुळणारे, तरी प्रत्येकात हाताच्या हत्याराची किंचित वेगळी खूण असणारे असतील, तर तो संच एका कसबी हाताचा आहे असे मानता येते.

शेवटी येते ते रंगकाम. लाखकामात यंत्रावर गरगर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पातळ थर बसतो आणि केवड्याच्या पानाने घासून त्याला झिलई आणतात. लाख ही किड्यांपासून मिळणारी नैसर्गिक राळ असल्याने असा रंग लहान मुलांच्या हाताला सुरक्षित असतो. खेळायच्या संचात सोंगटीच्या तळाशी शिसे किंवा लोखंड भरून वजन वाढवतात आणि खाली लोकरी कापड चिकटवतात. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या मार्गदर्शनानुसार राजाची उंची सुमारे ९.५ सेंटिमीटर आणि पटाच्या घराची बाजू ५ ते ६ सेंटिमीटर असावी. पट आणि सोंगट्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणाऱ्याने हे प्रमाण लक्षात ठेवले तर पट अपुरा पडत नाही.

दक्षिण अमेरिकेतील कारागिरी

भारतातून इराणात, तेथून अरबांबरोबर स्पेनमध्ये आणि स्पॅनिश सत्तेबरोबर दक्षिण अमेरिकेत, असा बुद्धिबळाचा प्रवास झाला. स्पेनमधील कास्तील राज्याचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये खेळांविषयी जे सचित्र हस्तलिखित सिद्ध करवले त्यात बुद्धिबळाला प्रमुख स्थान होते, यावरून त्या देशात हा खेळ किती रुजला होता हे दिसते. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी फ्रान्सिस्को पिसारोने पेरूतील काहामार्का येथे इंका सम्राट अताहुआल्पा याला कैद केले आणि पुढच्या वर्षी त्याला ठार मारले. कैदेतील सम्राट पहारेकऱ्यांचा खेळ पाहून बुद्धिबळ शिकला आणि त्याने एका डावात हेर्नांदो दे सोतो याला अचूक चाल सुचवली, अशी एक दंतकथा पेरूमध्ये प्रसिद्ध असून रिकार्दो पाल्मा या लेखकाने ती लिहून ठेवल्याने ती सर्वतोमुखी झाली.

हाच संघर्ष अँडीज पर्वतातील कारागिरांनी पटावर उतरवला. पेरू आणि बोलिव्हियात मिळणाऱ्या अनेक संचांत एका बाजूला स्पॅनिश सैन्य आणि दुसऱ्या बाजूला इंका सैन्य असते. लाकूड, भाजकी माती आणि दगड अशा वेगवेगळ्या माध्यमांत ते घडवले जातात. स्पॅनिश बाजूला शिरस्त्राणधारी सैनिक आणि घोडे असतात, तर इंका बाजूला सम्राट, त्याची राणी आणि घोड्याच्या जागी बऱ्याचदा लामा हे ओझे वाहणारे जनावर असते. या निवडीमागे पक्के ऐतिहासिक कारण आहे: स्पॅनिश लोक येईपर्यंत त्या खंडातील लोकांना घोडा ठाऊक नव्हता आणि काहामार्काच्या प्रसंगात घोडदळ हे आक्रमकांचे मोठे बळ ठरले. मराठी घरातील जुन्या पटावर हत्ती-उंट आणि अँडीजच्या पटावर लामा, या दोन्हींमागे एकच वृत्ती आहे. परक्याकडून आलेल्या किंवा दूर गेलेल्या खेळात कारागीर आपल्याच भूमीचे प्राणी उभे करतो.

इक्वेडोरच्या उत्तरेकडील सान आंतोनियो दे इबारा हे गाव लाकूड कोरण्यासाठी विख्यात आहे. तेथील कारागिरी धार्मिक मूर्तींच्या परंपरेतून वाढली आणि सेद्रो, म्हणजे तेथील देवदारासारख्या सुवासाचे तांबूस लाकूड, तसेच अक्रोड यांचा तिच्यात मुबलक वापर होतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सेद्रो आणि महोगनी ही दोन्ही झाडे जिंतूरच्या प्रत्येक वाडीत उभ्या असलेल्या कडुनिंबाच्याच कुळातील आहेत. पाराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनातील चाको प्रदेशात पालो सान्तो हे पाण्यात बुडण्याइतके जड, हिरवट आणि सुगंधी लाकूड मिळते. तेथील विची जमातीचे लोक त्यातून प्राण्यांच्या देखण्या आकृती कोरतात. इक्वेडोरमधील तागुआ या ताडवर्गीय झाडाचे कठीण पांढरे बी हस्तिदंतासारखे दिसते आणि कोरीवकामात त्याची जागा घेऊ शकते.

लाकूड, हस्तिदंत आणि कायदा

संग्राहकाने कायद्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार, तर १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. म्हणून जुना हस्तिदंती संच कितीही मोहक असला तरी तो विकत घेण्याचा विचार मनातून काढून टाकावा. लाकडाच्या बाबतीत सायटिस हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. संकटग्रस्त वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या या करारात तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यातील प्रजातींचा व्यापारी व्यवहार जवळजवळ पूर्ण निषिद्ध असतो, तर दुसऱ्यातील प्रजातींसाठी परवाना लागतो. ब्राझीलचा शिसव १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून आणि पालो सान्तो २०१० पासून दुसऱ्या परिशिष्टात आहे, तर २०१७ मध्ये शिसवाच्या वंशातील उरलेल्या सर्व प्रजाती आणि २०२० मध्ये अमेरिकी सेद्रोही दुसऱ्या परिशिष्टात आले. परदेशातून संच मागवणाऱ्याने किंवा नातेवाइकाकरवी आणवणाऱ्याने लाकडाचे शास्त्रीय नाव आणि खरेदीची पावती मागून घ्यावी. जो विक्रेता लाकडाचे नाव सांगू शकत नाही त्याच्याकडून महागडी वस्तू न घेणेच शहाणपणाचे.

नोंद आणि जपणूक

संचांची संख्या वाढली म्हणजे संग्रह झाला असे होत नाही. संग्रहाला अर्थ देते ती नोंद. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि सामान्य माणसाच्या घरातील कारागिरीही संग्रहालयात मानाने ठेवण्याजोगी असते हे महाराष्ट्राला दाखवून दिले. त्याच दृष्टीने प्रत्येक बुद्धिबळसंचासोबत एका वहीत कारागिराचे नाव व गाव, लाकडाचा प्रकार, राजाची उंची, रंगाची पद्धत, खरेदीचे वर्ष आणि नंतर केलेली दुरुस्ती लिहून ठेवावी. हरवलेल्या प्याद्याच्या जागी नवे प्यादे करवून घेतले असेल तर तेही नोंदवावे, कारण उघड लिहिलेल्या दुरुस्तीने वस्तूची विश्वासार्हता वाढते.

जिंतूर ज्या परभणी जिल्ह्यात आहे तेथील हवामान लाकडाची कठोर परीक्षा घेते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी होते, तर पावसाळ्यात तीच हवा ओलीने भरते. लाकूड या बदलाबरोबर धाग्यांना आडव्या दिशेने आकसते आणि फुगते. दमट प्रदेशातून आलेला संच एकदम मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघडा ठेवला तर तळाशी भेगा पडण्याची शक्यता असते. म्हणून सोंगट्या कापडी पिशवीत गुंडाळून लाकडी पेटीत, बाहेरच्या तापणाऱ्या भिंतीपासून आणि थेट उन्हापासून दूर ठेवाव्यात. कूलरच्या झोतासमोर पट मांडून ठेवू नये. सोंगटीवर बारीक छिद्रे आणि त्याखाली पिठासारखी पूड दिसली तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे लक्षण समजून तो संच ताबडतोब इतरांपासून वेगळा करावा. लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो आणि उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातांनी लाखकामाला स्पर्श करू नये. कोरडे मऊ कापड स्वच्छतेला पुरेसे असते. साध्या पॉलिशच्या लाकडाला वर्षातून एखादे वेळी मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा.

आपल्या गावापासून सुरुवात

नव्या संग्राहकासाठी चार संचांचा पाया पुरेसा आहे. पहिला, खेळण्यासाठीचा स्टाँटन नमुन्याचा लाकडी संच. अमृतसर हे अशा संचांचे जगातील मोठे उत्पादनकेंद्र असल्याने तो भारतातच चांगला मिळतो. दुसरा, लाखकामाचा रंगीत भारतीय संच. तिसरा, अँडीजमधील इंका आणि स्पॅनिश सैन्याचा, किंवा तशाच एखाद्या दूरच्या परंपरेचा, कागदपत्रांसह घेतलेला संच. चौथा संच मात्र विकत न घेता घडवून घ्यावा. फिकट बाजूसाठी हळदू, म्हणजे पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचे कातकामाला अनुकूल लाकूड, आणि गडद बाजूसाठी बाभळीचा तांबूस-तपकिरी गाभा वापरून, कोपऱ्यात बुरुजाऐवजी हत्ती आणि त्याच्या आतल्या बाजूला घोडा व उंट उभे करणारा संच गावचा सुतार आणि कातारी मिळून करू शकतात. आरंभी एकच घोडा आणि एकच प्यादे नमुन्यादाखल करवून पाहावे, माप आणि घडण पसंत पडली की उरलेल्या सोंगट्यांचे काम सोपवावे आणि कारागिराच्या वेळेचा मोबदला घासाघीस न करता द्यावा.

सावंतवाडीच्या गंजिफा वाचल्या त्या त्यांची मागणी करणारे कोणीतरी उभे राहिले म्हणून. अँडीजच्या कारागिराला जगभरचे संग्राहक मिळाले, म्हणून त्याच्या मुलांनी हातातील कोरणी खाली ठेवली नाही. मराठवाड्यातील कातकामालाही असाच आधार हवा आहे आणि तो देण्यासाठी मोठ्या शासकीय योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्यातील शाळांनी आणि बुद्धिबळ मंडळांनी स्पर्धांची बक्षिसे म्हणून प्लॅस्टिकच्या चषकांऐवजी स्थानिक कारागिराने घडवलेले लाकडी संच देण्याचा निर्णय घेतला, तर दरवर्षी निश्चित काम मिळेल आणि विजेत्या मुलांच्या घरी संग्रहाची पहिली वस्तू पोचेल. ज्यांना लाकडी बुद्धिबळाची आवड आहे त्यांनी पेरूचा संच जरूर मिळवावा, परंतु त्याआधी आपल्या गावच्या कातारी कारागिराला एका घोड्याची मागणी नोंदवावी.